बसायची सोय

कॉलनीच्या बागेतली हिरवळ काढून तिथे खडी, वाळू आणि निवडुंग लावायची कल्पना सेक्रेटरींची. हिरवळ सगळं पाणी पिऊन टाकायची आणि वरच्या मजल्यावरचे नळ नुसते फुसफुसायचे. तरी शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई हट्टाला पेटल्या होत्या. "पोरांना काटे टोचतील!"

"एकाला जरी टोचले, तरी सगळे निवडुंग माझ्या हाताने उपटीन," असं सेक्रेटरी छाती ठोकून सांगून बसले होते. नको तिथे छाती ठोकायची त्यांना खोडच होती.

आज बाग ठेवायची की हिरवळ परत आणायची, याचं मतदान होतं. लोक यायच्या आधी ते वाकडा झालेला एक गोटा सरळ करायला वाकले, ऐटीत बघायला दोन पावलं मागे आले आणि गोल निवडुंगावर ऐसपैस बसले. बघितलं फक्त बायकोने.

"ओरडू नका," ती म्हणाली. "घरी चिमटा आहे."

"अगं, पण सभेत बसू कसा?"

"उभे राहा. रोज घरी बसूनच असता."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार! अध्यक्षांनी खुर्ची पुढे केली, तर सेक्रेटरी म्हणाले, "नको, या बागेसमोर मी बसत नसतो." लोक भारावले. हात वर झाले, मतं समसमान पडली. उरल्या हेडबाई.

"हिरवळीवर निवांत टेकता यायचं," बाई म्हणाल्या. "त्या दगडी बाकावर तसेच टेकून दाखवा. मग माझं मत तुम्हाला."

सेक्रेटरींनी बायकोकडे पाहिलं. बायकोने आभाळाकडे पाहिलं. बिचारे बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"कसं वाटतंय?"

"शब्दांत... सांगता... येत नाही," सेक्रेटरी म्हणाले. सभेत इतकं खरं ते आजवर कधी बोलले नव्हते.

बागेच्या प्रेमाने रडणारा माणूस बाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्या विरघळल्या. हात वर गेला. बाग वाचली, सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला आणि ते उठणार, तोच बाई बाकापाशी आल्या.

"बघू तरी, एवढं काय सुख आहे ते. सरका जरा तिकडे."

सेक्रेटरी सरकले. त्यांनी जी आरोळी ठोकली, तिला सगळ्या कॉलनीने उभं राहून टाळ्या वाजवल्या.