शब्द पाळणारी लायब्ररी

मी एक जुनी लायब्ररी आहे. मित्रांनो, कपाटं शोधू नका! मी संगणकात राहते. साधं लिखाण घ्यायचं आणि त्याचे ब्रेलचे ठिपके करून द्यायचे, हे माझं काम. छपाईचे कितीतरी प्रोग्राम माझ्या भरवशावर चालतात.

मला अण्णांनी लिहिलं. त्यांनी माझ्यात माहितीचे खण केले. पहिल्यात अक्षर, दुसऱ्यात ओळ, तिसऱ्यात पान. प्रोग्राम खणांची नावं वाचत नाहीत, ते ठरलेल्या खणात थेट हात घालतात. म्हणून अण्णांनी सगळ्यांना लेखी शब्द दिला होता, "नवी आवृत्ती आली तरी तुमचा जुना प्रोग्राम आहे तसाच चालेल."

अण्णा निवृत्त झाले आणि मी ताईंच्या हाती आले. त्यांनी मला जिवापाड जपलं. माझी एकेक चूक त्या अशी काढत, जणू लेकराच्या पायातला काटा!

एकदा मला बोटांनी चाचपून वाचायचे उठावाचे नकाशे काढायला शिकवायचं ठरलं. शुक्रवारची तारीख जाहीर झाली. घाईघाईत ताईंनी नकाशाचा नवा खण पहिल्या दोन खणांच्या मध्येच घातला आणि चाचणीची आवृत्ती काही शाळांना पाठवली.

बुधवारी एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. "अहो, ठिपके छान उठलेत, पण आमच्या वर्गातल्या मुलीला एक शब्द लागेना. सोमवारी तिची परीक्षा आहे. प्रश्नपत्रिका छापायची कशी?"

ताईंचा चेहरा उतरला. चूक त्यांच्या लगेच लक्षात आली. बाईंचा जुना प्रोग्राम ओळ शोधायला दुसऱ्या खणात जात होता आणि तिथे आता नकाशा होता. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, तुम्ही जुनीच आवृत्ती परत घाला. परीक्षा अडणार नाही," असं सांगून ताई ऑफिसातल्या साहेबांकडे गेल्या.

"त्यांना नव्या खणांप्रमाणे प्रोग्राम पुन्हा तयार करून घ्यायला सांगा," साहेब म्हणाले.

"कशावरून करणार? तो प्रोग्राम लिहिणारे सर गेले आणि त्याचं मूळ लिखाणही हरवलं."

"ताई, नकाशांची वाट पाहणाऱ्याही शाळाच आहेत हो! शब्द दिला अण्णांनी आणि निस्तरायचं मी?"

"चूक माझी आहे. मला आठ दिवस द्या. नकाशे वेगळ्या जागी ठेवते, जुन्या खणांना हात लावत नाही."

मग साहेबांनी स्वतः फोन उचलला आणि नकाशे लांबल्याचं सांगून एकेका शाळेची बोलणी ऐकून घेतली. शुक्रवारी फक्त किरकोळ दुरुस्त्या गेल्या. नकाशे आठ दिवसांनी गेले. मी जरा बेढब झाले खरी. ऑफिसातली नवी मंडळी मला "अडगळ" म्हणून हसतात. हसू देत!

नवी आवृत्ती पोचल्यावर ताईंनी बाईंना भीतभीतच विचारलं, "आता कसं चाललंय?"

"कसं म्हणजे? रोजच्यासारखंच! काही बदललंय का?"

ताई इतक्या मनापासून हसल्या की साहेब दारात येऊन उभे राहिले. बाईंच्या त्या प्रश्नाएवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही घडवाल, सुधाराल. जरूर सुधारा. पण हात घालण्याआधी एवढं विचारा, यावर कोण कोण विसंबून आहे? त्यांतले बरेच जण तुम्हाला कधी भेटणारही नाहीत. त्यांनाही सांभाळा.