वरच्या मजल्याबद्दल काही शंका

धाकटीचं पत्र येऊन तीन आठवडे होत आले होते, आणि शंकाकाकांनी अजून उत्तर धाडलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं की विसरलंही नव्हतं. उलट ते इतक्या वेळा वाचून झालं होतं, की घडीवर कागद विरायला लागला होता.

शंकाकाका हे नाव छापखान्यातलं. सारी नोकरी मुद्रितं तपासण्यात गेली. लेखकाच्या मजकुराला आपण हात लावायचा नाही. खटकेल तिथे समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं आणि कागद पुढे सरकवायचा. निस्तरेल तो लेखक. सगळ्यात खाली ‘छापायला हरकत नाही’ असं लिहून सही ठोकायचं काम साहेबांचं. ही वाटणी काकांना इतकी मानवली, की घरीही भाजी कोणती आणायची हे त्यांनी कधी ठरवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. दुसऱ्या गावी एकटी राहायची, शिवणकाम करायची. तिने लिहिलं होतं:

‘दादा, फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस, आणि त्यातलं होकाराचं हूं कोणतं ते मला आजवर कळलेलं नाही. मी राहते ते घर मालक विकतोय. दोन मजले आहेत. खालचा मी घेते, वरचा तू घे आणि भाड्याने दे. भाडं वसूल करायचं माझ्याकडे लागलं. एकटा खालचा मजला तो द्यायला तयार नाही. महिनाअखेरपर्यंत थांबेन म्हणालाय. मग एका बांधकामवाल्याला विकणार, आणि तो घर पाडणार. म्हणजे मशीन उचलून मला कुठेतरी जावं लागेल. नाही म्हणालास तरी चालेल, पण म्हण.’

निवृत्तीची रक्कम बँकेत पडून होती. काकूंचं म्हणणं होतं, की पैसे तुमचे, बहीण तुमची, मी मध्ये पडणार नाही. पण काय ते बोला. काकांनी आधी अभ्यास करायचं ठरवलं. ग्रंथालयातून घरखरेदीवरची चार पुस्तकं आणली. पहिल्यात होतं, नवशिक्याने घर घ्यावं ते भाड्याने देण्यासाठीच. काकांना पटलं. दुसऱ्यात होतं, भाड्याच्या नादी लागू नये. जुनं घर घ्यावं, डागडुजी करावी, विकून मोकळं व्हावं. काकांना तेही पटलं. तिसऱ्याच्या मते शहाण्याने नुसती जमीन घ्यावी, कारण जमिनीला गळती लागत नाही. चौथ्यात मोठ्या अक्षरांत बजावलं होतं, की नात्यात व्यवहार करू नये. आणि ते पुस्तक लेखकाने अर्पण केलं होतं आपल्या भावाला, ‘ज्याच्याबरोबर मी पहिलं घर घेतलं.’ तिथे काकांचं डोकं पार गरगरलं.

त्यात रविवारी मेहुणा आला.

“भाऊजी, भाड्यात काय ठेवलंय? आज नळ, उद्या गिलावा. जुनं घ्या, रंग फासा, सहा महिन्यांत फुंकून टाका.”

“तू किती घरं फुंकलीस?” काकूंनी आतून विचारलं.

“मी नाही गं, माझा एक मित्र करतो.”

“कसं काय चाललंय त्याचं?”

“बरंय. सध्या तो त्याच घरात राहतोय. गिऱ्हाईक मिळेना.”

मेहुण्याने लगोलग ओळखीचा दलालही पाठवला. दलाल मोठा गोडबोल्या. काका-काकूंना आपल्या स्कूटरमागून रिक्षाने फिरवत त्याने गावाबाहेरची एक मोकळी जमीन दाखवली. तिथे एक म्हैस बसलेली होती. “रस्ता येणारच आहे,” तो म्हणाला. “कधी?” असं काकूंनी विचारताच त्याला दुसऱ्या जागेची आठवण झाली.

ती जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. “भाडेकरू आयता आहे काका, उद्यापासून भाडं सुरू! आणि नको असेल तर महिन्याभरात खाली करून देतो. रंग मारा, विका.”

भाडेकरू बाई आत इस्त्री करत होत्या. परक्याच्या घरात असं घुसायचं म्हणजे काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते दारातल्या पायपुसण्यावरच उभे राहिले आणि समोरच्या फळीवरच्या पुस्तकांची नावं वाचू लागले.

“काका, भिंती बघा भिंती! पुस्तकं घेणार आहात का?” दलाल म्हणाला.

बाईंनी इस्त्री उभी केली. “तुम्ही आम्हाला ठेवणार की काढणार?”

“हूं,” काका म्हणाले.

“हूं म्हणजे?”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

“तुमच्याआधीही बरेच जण बघून गेले,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. “सगळे हूं म्हणतात आणि जातात. ते बघा, पडद्याचं कापड आणून ठेवलंय. कापावं की नाही, तेवढं जरी कुणी सांगितलं ना...”

खुर्चीवर निळं कापड तसंच घडी घातलेलं होतं. काका ते बघत राहिले. दलालाने हाक मारली तेव्हा ते काहीतरी पुटपुटले, बाईंना उगाच नमस्कार केला आणि जिना उतरले.

“महिना संपत आला,” परतताना रिक्षात काकू म्हणाल्या. “धाकटीला काय कळवलंत?”

“अगं, शंका काढल्यात ना मी. वरचं छत गळतं का, भाडेकरू ती शोधणार की मी, एकाला विकायचं झालं तर दुसऱ्याने काय करायचं... तिची उत्तरं आली, की बघू.”

“पाठवल्यात कधी?”

काका रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागले.

“अहो, शंका पाठवल्यात कधी?”

जागा बघताना हाताशी असावं म्हणून घेतलेलं पत्र काकांनी खिशातून काढलं. समासभर बारीक, नेटकी प्रश्नचिन्हं होती. प्रत्येकापुढे सुवाच्य अक्षरात शंका होती. सगळं रीतसर. फक्त ते तिच्याकडे गेलेलं नव्हतं. छापखान्यात त्यांनी कागद बाजूच्या टोपलीत टाकला, की शिपाई तो नेत असे. काकांनी हे पत्रही तपासून टेबलाच्या उजव्या कडेला ठेवलं होतं, आणि रोज टपालवाल्याची वाट बघत होते.

“धन्य आहे तुमची!” काकू म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. मग एकदम थांबून त्या म्हणाल्या, “ती तिकडे काय समजली असेल हो?”

काकांना डोळ्यांसमोर ते निळं कापड दिसलं.

“फोन करा.”

“फोनवर माझ्या तोंडून हूंच निघेल.”

कोपऱ्यावर टपाल कार्यालय होतं. काकांनी रिक्षा थांबवली. आतल्या बाकावर बसून त्यांनी पेन्सिल काढली, पुन्हा खिशात ठेवली, आणि काकूंकडून पेन मागून घेतलं. भाडं चांगलं की विक्री चांगली, हे त्यांना अजूनही कळलेलं नव्हतं. चारही पुस्तकं डोक्यात एकमेकांशी भांडत होती. धाकटीच्या सहीखाली त्यांनी लिहिलं:

‘वरचा मजला मी घेतो. समासातल्या शंका तशाच आहेत. सवडीने उत्तरं दे. नाही दिलीस तरी छापायला हरकत नाही.’

खाली सही केली. ती साहेबांच्या सहीसारखी ऐटबाज काही जमली नाही.

पत्र पाकिटात घालून, तातडीचं तिकीट लावून ते पेटीपाशी गेले. पाकीट अर्धं आत सरकवलं, आणि हात तिथेच अडला. छत खरंच गळत असलं तर?

“आजोबा, टाकताय ना?” मागून एका मुलीने विचारलं.

“हूं,” काका म्हणाले, आणि बोटं सोडली.