ओल्या रुमालाचं यकृत

रक्त तपासण्यात तिची वीस वर्षं गेली होती, पण मामांच्या साखरेचा आकडा पाहून ती खुर्चीतून उठलीच. चारशे ऐंशी!

"मामा, इन्सुलिन घेताय ना?"

"सोडलं की! महिना झाला," मामा ऐटीत म्हणाले. "एका मशीनवाल्याने तपासलं. सुई नाही, रक्त नाही, नुसती दांडी हातात धरायची. म्हणाला, साखर नॉर्मल."

आणि पायाच्या अंगठ्याची जखम मात्र महिनाभर चिघळत होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मामांना आधी डॉक्टरांकडे नेलं, इंजेक्शन पुन्हा सुरू करवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन ती थेट मशीनवाल्याच्या खोलीत.

बाकांवर दहा-बारा माणसं ताटकळत होती. मशीनवाल्याने मामांच्या हाती दांडी दिली आणि संगणकाच्या पडद्यात डोकं घालून तो नाव-वय टाइप करू लागला. तेवढ्यात तिने दांडी काढून घेतली, आपला ओला रुमाल दांडीभोवती गुंडाळला आणि टेबलावर ठेवली. कागद सरसर बाहेर आला. मशीनवाल्याने वाचून दाखवलं,

"साखर उत्तम. यकृत जरा अशक्त."

"कुणाचं?"

"यांचंच की!"

तिने दांडी उंच धरली. "ऐका हो सगळे, माझ्या रुमालाचं यकृत अशक्त आहे!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मशीनवाला ढिम्म. "तुमचं मन शंकेखोर आहे. त्याने लहरी बिघडतात."

"आमच्या लॅबमधलं मशीन रोज सकाळी आम्हीच आधी तपासतो. साखर ठाऊक असलेला नमुना घालून. आकडा चुकला तर एकही रिपोर्ट बाहेर जात नाही. तुमचं मशीन चुकलं, हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"आमचं चुकतच नाही."

"काहीही झालं तरी तुम्हीच बरोबर! मग तपासलं काय, कपाळ?"

बाकावरून दोघं उठून गेले. बाकीचे बसूनच राहिले. एक बाई तर वैतागून म्हणाली, "ताई, आमचा नंबर खोळंबलाय." ते तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

"चुकलंच माझं," जिना उतरताना मामा पुटपुटले. "पण बोलतो किती गोड!"

"मामा, तुम्हाला गोड वर्ज्य आहे," ती फणकारली.

अंगठा वाचला, नख गेलं. तिने आरोग्य कार्यालयात लेखी तक्रार दिली. कारकुनाने शिक्का मारला, म्हणाला, "बघू." ती समोरच्या बाकावर जाऊन बसली. "बघा. मी थांबलेय."