फर्डिनंडची फणसाची पेटी

भुईगावात माणसं मरतात ती तशी घाईघाईनेच मरतात, पण फर्डिनंड सुताराने आपल्या मरणाची तयारी अगदी निवांत केली होती. वादळात परसातला फणस आडवा झाला, त्याच्या फळ्या पाडून त्याने स्वतःच्या मापाची पेटी केली. शवपेटीच, दुसरी कसली? एक खिळा नाही, सगळे सांधे. झाकण असं बसायचं की आत शिरलेल्या मुंगीला बाहेर यायला रविवारची वाट पाहावी लागे. एकदा म्हणे तिच्यात मांजर झोपलं, आणि उठल्यावर आपण मेलेलो नाही हे त्याला पटवायला दोन बोंबील खर्ची पडले. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

पेटी माळ्यावर होती. बायको, रिटा, तिच्यात कांदे ठेवायची. पण यंदा ती इस्पितळातून मरता मरता परत आली, आणि डोक्यावरची ती पेटी तिला बघवेना.

"आधी कोणासाठी उतरणार ती, कळतंय मला," ती म्हणाली. "या घरात एक तर ती राहील, नाही तर मी."

मग नात शॅननने पेटीचे फोटो काढून ती ऑनलाइन लिलावात टाकली. लिलाव म्हटल्यावर फर्डिनंडची कळी खुलली. क्रुसाच्या सणाला देवाला वाहिलेले नारळ, कोंबडे, केळीचे घड यांचा लिलाव गेली कित्येक वर्षं तोच पुकारायचा. 'एक वार, दोन वार, तीन वार!' तीन वार म्हटलं की माल शेवटची बोली लावणाऱ्याचा. मग बिशपांनी मागितला तरी मिळणार नाही.

या एवढ्या वर्षांत घड नेऊन पैसे थकवले ते फक्त लेस्टरने. लेस्टर म्हणजे शाळेत एका बाकावरचा दोस्त. त्या साली त्याची बायको आजारी होती. पुढच्या सणाला फर्डिनंड कर्ण्यावरून गरजला, "गेल्या सालचा घड लेस्टरने खाल्ला, पण देवाचे पैसे अजून त्याच्या पोटातच आहेत!" गाव खो खो हसलं. दुसऱ्या दिवशी लेस्टरने पैसे चुकते केले. त्यानंतर मात्र तो फर्डिनंडच्या दारावरून जातानासुद्धा तोंड फिरवून जाऊ लागला.

इकडे मोबाइलवर बोली चढत गेली. शेवटी पेटी सुटली अंधेरीच्या एका केनीच्या नावावर. त्याचा बार होता. पेटीत बर्फ भरून तो बिअरच्या बाटल्या ठेवणार होता.

"अंकल, काय आर्ट आहे तुमच्या हातात! पेमेंट सोमवारी करतो," केनी फोनवर म्हणाला.

सोमवारी त्याचं बँकेचं ॲप बंद पडलं. पुढच्या सोमवारी तो कोणा मामाच्या मयताला गेला होता. मामाला पेटी मिळाली असेल, केनीला सवड मिळाली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी मोबाइल पाण्यात पडला, आणि ही बातमी त्याने त्याच मोबाइलवरून कळवली. गावातली पोरं फर्डिनंडला बघून विचारू लागली, "काय काका, उजाडला का सोमवार?"

"आजोबा, या माणसाला कॅन्सल करा," शॅनन वैतागली. "मग दुसऱ्या नंबरच्याला ऑफर जाते. तो आपल्या इथलाच दिसतोय, पिनकोड आपलाच आहे."

"तीन वार झालेत."

"ते क्रुसाच्या सणाला, आजोबा! इथे पैसे नाही दिले तर सौदा मोडतो."

"माझा मोडत नाही. अडचण असेल बिचाऱ्याला. किती मानाने बोलतो तो. अंकल, अंकल करतो."

रिटा पलंगावरून म्हणाली, "लेस्टरला पण अडचण होती."

फर्डिनंडला तेवढ्यात ऐकू येईनासं झालं.

पाऊस सरता सरता देवळाची घंटा वाजली. लेस्टर गेला. कावीळ पोटात उतरली होती, महिनोन्‌महिने खाटेवर होता. फर्डिनंड जायला तयार नव्हता. रिटाने त्याच्या हातात छत्री दिली आणि दार लावून घेतलं.

लेस्टरच्या ओटीवर मेणबत्त्या जळत होत्या. पेटी प्लायवूडची, वरून चकचकीत कागद डकवलेली. डोक्याकडचा एक खिळा वाकडा गेला होता आणि त्याचं टोक आत, लेस्टरच्या उशीवर आलं होतं. सुताराची नजर त्या टोकावरच अडकली.

"शेल्डन, हे काय आणलंस बापाला?" तो लेस्टरच्या मुलाला हलकेच म्हणाला. "मला एक शब्द टाकायचा होतास."

शेल्डनने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "टाकला होता, काका. बोलीत दुसरा नंबर आमचाच होता. बाबांनी माझ्याकडून लावून घेतली. म्हणाले, फर्डीच्या हातच्या पेटीत निजेन, मग भांडण आपोआप मिटेल."

"मग घरी का नाही आलास?"

"मी निघालो होतो. बाबाच म्हणाले, जाऊ नको. त्याचे तीन वार झाले की तो कोणाचा नाही. पण पहिल्या नंबरचा तो पैसेबुडवा आहे, फर्डी त्याला कर्ण्यावर घेईल, पेटी सुटेल. वाट बघ." शेल्डनने वाकड्या खिळ्यावरून बोट फिरवलं. "बघितली वाट."

फर्डिनंडने छत्री तिथेच टाकली. फादर यायला अवकाश होता. चिखलातून तो असा धावला की बांधावरच्या बगळ्यांनी म्हणे टोप्या काढल्या. जन्मात पहिल्यांदा तीन वार मोडायचे होते. मोडणारच होता तो! वाटेत टेम्पोवाल्या सॅमीला हाक घातली, "गाडी काढ! पेटी आणायचीय, लेस्टरला!"

घरी माळ्याची शिडी लावलेली होती. जमिनीवर कांद्यांचा ढीग होता.

"पैसे आले त्या केनीचे," रिटा म्हणाली. "तुम्ही तिकडे गेलात आणि त्याचा टेम्पो दारात आला. शॅननने मोबाइल बघितला, पुरते पैसे जमा होते. दिली मी." मग त्याच्या तोंडाकडे बघून ती हळूच म्हणाली, "तीन वार झाले होते ना?"

फर्डिनंड शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. बाहेर सॅमी हॉर्न वाजवत राहिला. देवळाची मयताची घंटा सुरू झाली तेव्हा तोही थांबला.

लेस्टरला कागदी पेटीत पुरलं. तो खिळा फर्डिनंडने शेवटच्या घटकेला आपल्या पकडीने उपटला, पण भोक राहिलंच.

लेस्टरच्या सातव्या दिवसाच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर त्याने केनीचे सगळे पैसे पाकिटात घालून शेल्डनपुढे धरले. "थडग्यावर चांगला क्रूस घाल बापाच्या. फणसाचा हवा तर मीच करून देतो. एक फळी उरलीय."

देवळाच्या पायऱ्यांवर सारं गाव उभं होतं. शेल्डनने पाकिटाला हातसुद्धा लावला नाही.

"एवढी घाई काय आहे, अंकल," तो गोड आवाजात म्हणाला. "सोमवारी बघू."

पायऱ्यांवर हसलं मात्र कोणीच नाही.