काळा केक आणि साबणाचा फुगा

मी एक जुना ओव्हन आहे, मित्रांनो. वर चार शेगड्या, खाली पोटात भट्टी, काचेचं दार आणि पाच बटणं. त्यातलं एक बटण कधीच तुटलं, ते पकडीनं फिरवावं लागतं. माझी गोष्ट एका केकची आहे. पण केक म्हटल्यावर तुम्ही जिभल्या चाटत बसला असाल, तर आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट गोड नाही. त्या दिवशी नऊ मुलं शेजारच्या खोलीत अंधार करून बसली होती, आणि माझ्या पाठीमागे एक बारीक सूं असा आवाज चालला होता. तो आवाज माझ्याशिवाय कोणालाच ऐकू येत नव्हता.

दूरदेशीच्या एका कारखान्यात माझा पत्रा कापला गेला. जहाजातून मी कुवेतला आलो आणि शुवैखच्या बंदरात उतरलो, तेव्हा माझ्या दारात तुम्ही स्वतःचा चेहरा पाहू शकला असता, इतका मी चकचकीत होतो. रहिमा नावाच्या बाईंनी मला घरी नेलं. त्यांची नानखटाई साऱ्या इमारतीत प्रसिद्ध होती आणि त्यातला निम्मा मान माझा होता, हे त्या मोकळेपणानं कबूल करत.

मग १९९०चा ऑगस्ट आला. एका पहाटे रस्त्यावर इराकचे रणगाडे दिसले आणि तासाभरात रहिमाबाईंनी घर सोडलं. नानखटाईचा ट्रे माझ्या पोटातच राहिला. दारापर्यंत गेलेल्या बाई धावत परत आल्या, सिलेंडरचा कॉक घट्ट फिरवून बंद केला, माझ्या माथ्यावर हात ठेवला आणि गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. सात महिने मी त्या ट्रेसकट अंधारात उभा होतो. जीव मुठीत घेऊन पळतानाही ज्यांना सिलेंडर आठवला, त्या रहिमाबाईंना मी अजून विसरलेलो नाही. त्या का आठवतात, ते पुढे कळेल.

युद्ध संपल्यावर मी शुवैखच्या एका जुन्या सामानाच्या गोदामात पडून होतो. तिथून १९९४ साली मला गुरुप्रसादनं उचललं. हा नाशिकचा इंजिनियर, मीना अब्दुल्ला नावाच्या तेलकारखान्यांच्या भागात कामावर होता. कुठे गॅस गळतोय का, कुठला जोड सैल झालाय का, हे शोधत फिरणं हेच त्याचं काम. त्या भागाच्या उत्तरेला असलेल्या एगैला वस्तीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यानं मला बसवलं. त्याची बायको श्यामला मला बघून म्हणाली, "अहो, नवा नाही का मिळाला?" मला राग आला होता. पण महिनाभरात तिनं माझ्या पोटात पहिली बिस्किटं भाजली, आणि आमचं जमलं.

त्यांची मुलगी जुईली चार वर्षांची झाल्यापासून आमच्याकडे शुक्रवारचा एक खेळ असे. गुरुप्रसाद वाटीत साबणाचा फेस करी. दाढीचा जुना ब्रश जुईलीच्या हातात देई. सिलेंडरपासून माझ्यापर्यंत येणाऱ्या रबरी नळीला ती तो फेस फासत असे, आणि मग दोघं बापलेक फरशीवर पोटावर झोपून बघत.

"फुगा आला?" गुरुप्रसाद विचारी.

"नाही आला!"

"आला तर काय करायचं?"

"काडी नाही, बटण नाही. कॉक बंद, खिडकी उघडी, आणि सगळे बाहेर!" ती एका दमात म्हणे.

एरवी ही पोर शाळेमुळे घरातही इंग्रजीच झाडायची, पण हे शब्द मात्र तिच्या तोंडात मराठीतच बसले होते. मला गुदगुल्या होत आणि बरंही वाटे. आपली पाठ कोणीतरी बघतं आहे, याचं सुख फार मोठं असतं.

पुढे गुरुप्रसादला बढती मिळाली. शुक्रवारीही तो कामावर जाऊ लागला. दाढीचा ब्रश पिठाच्या डब्यामागे गेला आणि तिथेच राहिला. एक वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. मी काय बोलणार? मी केक भाजत राहिलो.

२००२च्या उन्हाळ्यात माझ्या दाराची बिजागरी निखळली, म्हणून शुवैखच्या गॅरेजमधून तुळशीदास आला. सावंतवाडीकडचा माणूस, हातात कसब आणि तोंडात मोजके शब्द. बिजागरी बसवून झाल्यावर त्यानं माझ्या मागे हात घातला आणि नळी वाकवून बघितली.

"वहिनीनू, ही नळी बदलूक व्हयी," तो म्हणाला. "लाकडासारखी कडक झाली हा."

"हो रे, दिवाळीआधी बदलूच," श्यामला म्हणाली आणि तिनं त्याला चहा दिला. तिच्या मनात वाईट नव्हतं. दिवाळी तेव्हा खूप लांब होती.

दिवाळी चार दिवसांवर आली आणि हॅलोविन आधी येऊन उभं राहिलं. त्या वर्षी जुईली नव्या शाळेत गेली होती. दोन महिने डबा एकटीनं खात होती. आता प्रथमच तिनं वर्गातल्या मुलांना घरी बोलावलं होतं, आणि तिला केक हवा होता तो काळा. साधा चॉकलेटी नव्हे, काळाकुट्ट.

"दिवाळी तोंडावर आली आणि घरात काळं काय करायचं?" श्यामला कुरकुरली.

"मम्मी, इट हॅज टू बी ब्लॅक. आणि कापला की ब्लड आलं पाहिजे."

पोरीचं एकटेपण श्यामलाला आतून खात होतं. ती मुकाट्यानं कामाला लागली.

तो गुरुवार होता, सुट्टीचा दिवस. गुरुप्रसाद मात्र कामावर होता. घराघरांत पुन्हा युद्ध होणार का, हीच चर्चा होती, आणि बाहेर सकाळपासून धुळीनं आभाळ पिवळं झालं होतं. श्यामलानं मैद्यात कोको घातला, कडक काळी कॉफी ओतली, दही घातलं. तरी रंग मनासारखा येईना, तेव्हा काळ्या रंगाची अख्खी बाटली रिकामी केली. डबा एकच होता, म्हणून एकामागून एक असे तीन थर मी भाजले. अडीच तास मी तापून लाल झालो होतो, आणि माझ्या पाठीला टेकलेली ती कडक नळीही तापत होती. थर मात्र असे देखणे फुगले, की श्यामला स्वतःशीच हसली. दर दोन थरांच्या मध्ये तिनं डाळिंबाचा घट्ट पाक भरला, वरून काळ्या चॉकलेटचा जाड लेप दिला आणि साखरेच्या पाकाचे धागे ओढून कोळ्याचं जाळं विणलं. पाकाचे लाल ओघळ बाजूनं खाली उतरले. इतका भीतिदायक आणि इतका सुंदर केक मी आयुष्यात भाजला नव्हता. मला गर्व झाला, कबूल करतो.

मग श्यामलानं माझं बटण बंद केलं. फक्त बटण. सिलेंडरचा कॉक तसाच उघडा राहिला, रोज राहायचा तसाच.

चारच्या सुमाराला वरच्या मजल्यावरची लीना मदतीला आली. स्वयंपाकघरात काळ्या कागदाच्या झिरमिळ्या लावायला जागा हवी, म्हणून त्या दोघींनी मला धरलं आणि भिंतीपर्यंत मागे रेटलं. माझ्या पाठीमागे काहीतरी बारीकसं तडकलं. आणि ते सूं सुरू झालं.

मित्रांनो, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही. तो फरशीवर उतरतो आणि गुपचूप पसरत राहतो. आधी तो माझ्या पायांपाशी साचला, मग टेबलाखाली गेला. त्याला एक ठिणगी पुरते, म्हणून फ्रिज धडधडून सुरू झाला की माझा जीव वरखाली व्हायचा.

वास येत नव्हता का? येत होता. लीनानं तर नाक मुरडलं.

"श्यामला भाभी, आज फिर मीना अब्दुल्ला की हवा है," ती म्हणाली.

"हो ना, दक्षिणेचा वारा सुटला की हेच," असं म्हणून श्यामलानं स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावून घेतली आणि फटीत फडकं कोंबलं.

त्या वस्तीत राहणाऱ्या कोणीही हेच केलं असतं. तेलाच्या कारखान्यांचा वास तिथे वाऱ्याबरोबर यायचाच, आणि वास आला की खिडक्या लावायच्या, हे बाळालाही पाठ होतं. मला ओरडायचं होतं. वास बाहेरून येत नाही, बाई, माझ्या पाठीतून येतोय! पण पत्र्याला घसा नसतो.

पाच वाजले. मुलं आली. भुतं, सांगाडे, एक वटवाघूळ, आणि उंच टोपीची चेटकीण झालेली जुईली. जुईली सोडून नऊ जणं. बाहेर अंधारून आलं होतं. ठरलं असं होतं की हॉलमधले दिवे घालवायचे, आणि पेटवलेला भोपळा व काळा केक घेऊन श्यामलानं अंधारातून यायचं. दिव्याचं बटण हॉलमध्ये होतं, स्वयंपाकघरात नव्हतं. लीनानं ते दाबलं तेव्हा मी डोळे मिटले. काही झालं नाही.

ओट्यावर कोरलेला लाल भोपळा होता. त्याच्या पोटात मेणबत्ती होती. श्यामलानं काड्यापेटी हातात घेतली.

जुईली तेव्हा स्टुलावर उभी राहून हात धूत होती. केकच्या भांड्यातला उरलेला काळा लेप तिनं बोटांनी चाटूनपुसून खाल्ला होता आणि तो रंग काही केल्या जाईना. तिनं साबणाची बाटली जवळजवळ उलटी केली. बेसिन फेसानं भरलं, फेस ओट्यावर आला, ओट्याच्या कडेवरून ओघळला आणि ओटा व माझ्यामधल्या फटीत, बरोबर त्या नळीवर पडला.

काळपट फेसातून एक फुगा वर आला. मोठा झाला, फुटला. लगेच दुसरा आला.

"मम्मी, लुक," जुईली वाकून म्हणाली.

"नंतर बघते हं, सोन्या. मुलं थांबलीत." श्यामलानं काडी बाहेर काढली.

"मम्मी, बबल्स..." आणि मग जुईलीचा आवाज बदलला. सगळे शुक्रवार तिच्या घशात आले. "आई! फुगा आला! आई, काडी नाही! फुगा आला!"

इतक्या शुक्रवारी 'फुगा आला?' असं विचारलं गेलं होतं, पण 'आला' हे उत्तर त्या घरात कधीच आलं नव्हतं. काडी पेटीच्या कडेला टेकली होती. श्यामलानं फटीत पाहिलं. फुगा तिच्या डोळ्यांसमोर मोठा होऊन फुटला, आणि तिसरा वर आला.

तिनं काडी खाली ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं इतक्या हळू. मग वाकून कॉक बंद केला, फटीतलं फडकं ओढून काढलं आणि खिडकी सताड उघडली.

"लीना, बच्चों को नीचे ले जाओ. जिने से. लिफ्ट नहीं, कोई बटण नहीं!"

नऊ भुतं अंधारातून चूपचाप जिना उतरली. जुईलीच्या मागे तिची आई होती.

गुरुप्रसाद धावत आला तेव्हा सगळी हवा बदलली होती. त्यानं मला पुढे ओढलं, नळी काढून हातात घेतली आणि वाकवली. ती मधोमध उकलली. कामाच्या गणवेशातला तो मोठा माणूस तसाच फरशीवर बसला.

"दिवसभर मी लोकांच्या पाइपांना कान लावतो, श्यामला," तो म्हणाला. "आणि घरात..." तो रडला. त्याला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

श्यामला म्हणाली, "मी दिवाळीआधी म्हणाले होते. तुळशीदास सांगून गेला होता."

जुईलीनं पिठाच्या डब्यामागून दाढीचा ब्रश शोधून आणला आणि बाबाच्या हातात दिला. केक त्या रात्री खाली पार्किंगमध्ये खाल्ला गेला. मेणबत्तीशिवाय. तो फार छान झाला होता, असं म्हणे वटवाघूळ दोनदा मागून म्हणालं.

त्यानंतर नळी दरवर्षी बदलली गेली आणि एकही शुक्रवार चुकला नाही. २००७ साली ते कुटुंब नाशिकला परतलं. जाताना त्यांनी मला तुळशीदासच्या स्वाधीन केलं, आणि जुईलीनं ब्रश माझ्या दाराच्या दांड्याला दोऱ्यानं बांधून दिला. शुवैखच्या खोलीत चार गड्यांबरोबर मी सुखात होतो. तुळशीदासचा शुक्रवारही कधी चुकला नाही. पण गेल्या वर्षी तोही कायमचा गावी गेला. आता खोलीत शत्रुघ्न नावाचा नवा पोरगा आहे. कष्टाळू आहे, घरी बहिणीचं लग्न काढलं आहे, मासे उत्तम तळतो. ब्रश अजून दांड्याला लटकतो आहे. तो कशासाठी आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या नळीकडे आज एकदा बघा. वाटीभर फेस पुरतो. वास आला तर खिडकी लावू नका, उघडा. एवढंच मागणं आहे या म्हाताऱ्याचं.

आता सांगणं थांबवतो, कारण आज संध्याकाळपासून माझ्या पाठीमागे पुन्हा सूं चाललं आहे. शत्रुघ्ननं आत्ताच नाक मुरडलं. "गॅरेजवाल्यांनी आज काय जाळलंय कुणास ठाऊक," असं म्हणत तो खिडकी लावायला उठला आहे. त्याच्या दुसऱ्या हातात काड्यापेटी आहे.

कोणीतरी त्याला हाक मारा.