किलकिल्या दाराचं घर

तुमच्यापैकी एकानेही आत डोकावून पाहिलं नाही. आलात, "किती गोड!" म्हणालात, फोटो काढलेत आणि चहाला बसलात. माझं दार मुद्दाम किलकिलं ठेवलेलं होतं. त्यातून बघायला थोडं वाकावं लागतं, एवढंच. पण तेवढी कंबर वाकवायला कुणाला सवड होती?

मी बिस्किटाचं घर बोलतोय. नाताळात करतात ते, जिंजरब्रेडचं. माझ्या अंगात मैदा, मध, सुंठ आणि दालचिनी आहे. पत्ता विचाराल तर स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा माथा.

ज्या घरात माझा जन्म झाला, तिथले बाबा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतात. साहजिकच माझाही आधी नकाशा निघाला. पुठ्ठ्यावर भिंती आखल्या, कापल्या, लाटलेल्या पिठावर ठेवून कडेने सुरी फिरवली. ओव्हनमधून बाहेर आलो तेव्हा मी घर नव्हतोच. भिंती, छपराचे तुकडे आणि एक एवढंसं दार, असा सुटा-सुटा जाळीवर गार होत पडलो होतो.

"सुटीच्या दिवशीही ऑफिस घरी आणलंस," आई म्हणाली.

"घर पडलं की मग बोलू नकोस," बाबा म्हणाले.

लहान मुलांच्या हाती उभं घर दिलं तर ते अर्ध्या तासात आडवं होतं. म्हणून भिंती आडव्या ठेवून आधी सजवायच्या, वाळल्या की मग जोडायच्या, असा बाबांचा बेत होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. वाट्यांमध्ये रंगीत गोळ्या ओतल्या. अंड्यातला पांढरा भाग आणि पिठीसाखर फेटून घट्ट पांढरंशुभ्र आयसिंग केलं आणि ते बटर पेपरच्या कोनांत भरलं.

"हे आपलं सिमेंट," बाबांनी मुलांना सांगितलं.

तीन वर्षांच्या ढब्बूने लगेच कोनाचं टोक तोंडात घातलं.

"झालं," आई म्हणाली, "कंत्राटदार पहिल्याच दिवशी सिमेंट खायला लागला."

ढब्बूची ताई पहिलीत आहे. तिला सगळे खारू म्हणतात, कारण खारीसारखी ती गालात खाऊ साठवते. त्या दिवशी मात्र तिने एकही गोळी तोंडात टाकली नाही. तिच्या वाट्याला माझी मागची भिंत आली होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली आणि जीभ दातांत धरून कामाला लागली. तिचा श्वास माझ्या अंगावर येत होता. कोन थरथरत होता, रेघ जाड-बारीक होत होती. एक टेबल निघालं. टेबलाभोवती खुर्च्या. खुर्च्यांवर एकेक गोळी, खूप विचार करून, रंग बदलून-बदलून. एक खुर्ची तिने रिकामीच ठेवली. बाबा तोवर छपरावर कौलं काढण्यात गढले होते.

आयसिंग कडक वाळल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"अगं खारू, उलट्या बाजूला केलंस सगळं. ही बाजू आत जाणार."

"उलटी नाहीये बाबा. आतलीच आहे."

"पण आतलं दिसणार कसं कुणाला?"

"माणसं आतच राहतात ना?" खारू म्हणाली. "दारातून बघायचं."

बाबा हसले. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. त्यांनी भिंतीची कोरी बाजू बाहेर घेतली, तिच्यावर पट्टी लावल्यासारख्या सरळ वेली काढल्या आणि मला उभं केलं. खारूच्या हट्टापायी दार तेवढं किलकिलं चिकटवलं. मग छप्पर बसलं आणि माझ्या आत अंधार झाला. त्या अंधारात टेबल मांडलेलं होतं, माणसं बसलेली होती. हे फक्त मला आणि तिला ठाऊक होतं.

पाहुण्यांनी माझं तोंडभरून कौतुक केलं. "अगदी खऱ्यासारखं हो!" खारू एका काकूंची बाही ओढत म्हणाली, "आत बघा ना." काकू म्हणाल्या, "हो गं राणी, किती छान," आणि मोबाइल माझ्या छपरावर धरला. मग एका काकांना तिने तेच सांगितलं. ते म्हणाले, "नंतर बघतो हं." मोठ्या माणसांच्या तोंडचं हे 'नंतर' मी पहिल्यांदाच ऐकलं. ते कधी येत नाही, हे कळायला मला वेळ लागला. खारूला बहुधा आधीच माहीत होतं, कारण तिने तिसऱ्या कुणाला विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर ती बाबांपाशी गेली. "तुम्ही तरी बघा."

"मला माहितीये गं आत काय आहे. मीच जोडलंय ना."

माहीत नव्हतं. त्यांना त्या रेघोट्या वाटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मला फ्रीजवर ठेवलं, ढब्बूचा हात पोचू नये म्हणून. त्याने खालून एक तुकडा मागून पाहिला. "खायचं नाही, शोभेचं आहे ते," असं उत्तर मिळालं. मी बिस्किट आहे हो! दालचिनीचा वास सुटतो तो काय शोभेसाठी? पण माझं कोण ऐकतं? खारूने एकदा स्टूल ओढलं, तर पडशील म्हणून ओरडा बसला. मग तीही यायची थांबली. येता-जाता मान वर करून बघायची. तिथून तिला माझं छप्परही धड दिसत नसणार.

नाताळ सरला. खिडकीतली कागदी चांदणी उतरली. घरातली माणसं माझ्याखालून दूध काढत, भाजी ठेवत, दार आपटून जात. मला सोबत होती ती फ्रीजच्या घुमण्याची. तो घुमायचा, थांबायचा, अंग झटकायचा, पुन्हा घुमायचा. संवाद असा नव्हताच, पण कुणीतरी जागं आहे एवढं कळायचं. माझ्या कौलांवर धूळ बसली. भिंती कडक होत गेल्या.

मग मुंग्या आल्या. दारातून रांगेने आत शिरल्या, टेबलावरून चालल्या, खुर्च्यांना वळसे घालून गेल्या आणि साखर टिपायला लागल्या. माझ्या आत आलेले ते पहिले पाहुणे. ते मला कुरतडत होते, तरी मला बरं वाटलं, यावरून काय ते ओळखा.

आईने मुंग्या पाहिल्या. "उद्या कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकते," ती म्हणाली. खारू तिथेच गृहपाठ करत होती. तिची पेन्सिल थांबली.

द्या, जरूर द्या. बिस्किटाचं घर काही जन्मभर टिकायला नसतं. माझं मागणं एवढंच आहे, की टाकण्याआधी मला फोडा. छप्पर उचला, भिंत हातात घ्या, त्या पोरीने काय मांडलंय ते एकदा उजेडात पाहा. मग तुकडे करून ढब्बूला द्या. बंद डब्यात, अंधारासकट मला टाकू नका.

पण हे सांगायला मला तोंड नाही. नुसतं दार आहे.

आज सकाळी फ्रीजचं घुमणं बंद पडलं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या धावपळीत कचऱ्याची गाडी चुकली. दुपारी दुरुस्तीवाले काका आले. अंगाने जाड, गुडघ्यांनी कुरकुरणारे. फ्रीज पुढे ओढायचा म्हणून त्यांनी मला अलगद उचललं आणि जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. बाबा सुटी घेऊन घरी थांबले होते. ते पलीकडे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

काम संपलं. फ्रीज पुन्हा घुमायला लागला. मला परत वर ठेवायला काकांनी हात पुढे केला आणि थांबले.

"दार उघडं राहिलंय की," ते शेजारी उभ्या खारूला म्हणाले. "कोण राहतं इथं?"

तिला वाटलं असणार, आता हेही 'किती छान' म्हणतील.

काकांनी कमरेत वाकून टॉर्च माझ्या दाराशी धरला. माझ्या आत पहिल्यांदा उजेड पडला.

"अरे वा, इथं तर सगळे जेवायला बसलेत! ही लाल कोण?"

"आई," खारू सावकाश म्हणाली. "हिरवे बाबा. पिवळी मी."

"आणि टेबलाखाली कोण पडलंय?"

"ढब्बू. तो कधी खुर्चीवर बसून जेवतच नाही."

बाबांनी मोबाइल खाली ठेवला. "कुठे जेवायला बसलेत?"

"ही एक रिकामी दिसतेय," काका म्हणाले. "कोणाची खुर्ची?"

"जो आत बघेल त्याची," खारू म्हणाली.

बाबा उठले होते. ते येऊन काकांच्या मागे वाकले, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. माझं दार लहान, एका वेळी एकच डोळा मावतो.

"जरा बघू," बाबा म्हणाले.

काकांनी डोळा हलवला नाही.

"थांबा हो साहेब," ते म्हणाले, "आत्ताच तर खुर्चीवर टेकलोय."