आयव्हरच्या बुटांची धार

हॅरो बेंड गावच्या बर्फाच्या रिंकवर, बूट बदलायच्या बाकांपलीकडे एक हिरवी, रंग उडालेली मशीन घरघरत असते ना, ती मी. बर्फावरच्या बुटांना धार लावते. जुनी झाले आहे, पण बंद पडलेले नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

मित्रांनो, माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला आणि चाळीस वर्षांपूर्वी मालगाडीत बसून मी या गव्हाच्या मुलखात आले. इथली माणसं सहा महिने बर्फावरची हॉकी खेळतात आणि उरलेले सहा महिने हॉकीबद्दल बोलतात. माझं काम साधं आहे. बुटाखालच्या पोलादी पात्याला बुडाशी एक बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही काठांना धार असते. माझ्या फिरत्या दगडावरून पातं सरकवलं की पन्हळ खोल होते आणि धार परत येते. पण दर वेळी थोडं पोलाद झिजतं. ते काही परत येत नाही.

पेट्रो मामांनी मला पंचवीस वर्षं चालवलं. मामा तसे एकट्या डार्काचे, पण गावाने त्यांना सगळ्यांचेच मामा करून टाकलं होतं. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी भाचीला माझ्यासमोर उभं केलं. म्हणाले, "दाबू नकोस पोरी. कुरवाळल्यासारखं सरकव."

डार्काचा हात मामांपेक्षाही हलका निघाला. धार लावून झाली की दोन्ही काठ सारखे आलेत का ते पाहायला ती पात्यावर एक नाणं आडवं ठेवायची आणि डोळा बारीक करून बघायची. नाणं जरा तिरकं दिसलं की पुन्हा पहिल्यापासून! शंभर-शंभर किलोमीटरवरून खेळाडू तिच्याकडे बूट घेऊन यायचे. माझंही कौतुक व्हायचं. खरं सांगायचं तर तेच माझे सुखाचे दिवस होते.

गावच्या संघात आयव्हर नावाचा बचावपटू होता. पोटापाण्यासाठी तो विजेची कामं करायचा. लहानपणी त्याने मारलेली हॉकीची रबरी चकती लागून डार्काचा पुढचा दात पडला, आणि त्याच दिवसापासून दोघांची गट्टी जमली. इतकी, की ती एकमेकांना नावाने कमी आणि जनावरांच्या नावाने जास्त हाका मारायची.

मग एका जानेवारीत पूर्वेकडच्या एका मोठ्या क्लबचं पत्र आलं. खेळाडूंच्या सामानाची देखभाल करायला त्यांना डार्का हवी होती. मार्चच्या मध्यावर निघायचं होतं. तिने लगेच हो कळवलं. आयव्हरने तिच्या पाठीवर थाप मारली, "झकास!" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड धार लावायला यायला लागला.

मला प्रेमातलं काही कळत नाही. मला पोलाद कळतं. खेळून बोथट झालेलं पातं लांबीच्या दिशेने झिजतं. आयव्हरच्या पात्यांवर आडवे ओरखडे होते आणि ओरखड्यांत राखाडी भुकटी होती. सिमेंट! गडी बाहेरच्या पायरीवर पाती घासघासून आत येत होता. चार हिवाळे पुरेल इतकं पोलाद त्याने दोन महिन्यांत उडवलं.

"अरे बैला, बूट घालून फिरतोस कुठे?" डार्का त्याला झापायची. "पात्यांना कव्हर घालायला काय होतं तुला?"

"विसरतो गं."

"डोकं बरोबर आणतोस हेच नशीब."

यावर तो हसायचा. मग ती कानांवर जाड कानपट्ट्या चढवून मला सुरू करायची. दगड पोलादाला लागला की माझा असा काही आवाज होतो, की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. आयव्हर नेमका तेव्हाच तोंड उघडायचा. "जाऊ नकोस गं," म्हणायचा. "तुझ्याशिवाय मला करमायचं नाही." मी थांबले की हा गप्प. बूट उचलायचा आणि चालू लागायचा. किती वेळा वाटलं, मध्येच बंद पडावं. पण बटण काही माझ्या हातात नसतं.

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, संघाचा सामना होता. बूट घेऊन आठ-दहा जण रांगेत उभे होते. कँटीनच्या रूथकाकू गरम बटाटे वाटत होत्या. आयव्हर आला तसं डार्काने त्याचं पातं दिव्याखाली धरलं.

"हे संपलं. आज शेवटची धार लागेल. काय करतोस काय या पात्यांचं?"

"खेळतो."

"बर्फावरच ना?"

"मग काय गव्हात?"

रांग हसली. डार्का हसली नाही. तिने पातं बसवलं, कान झाकले आणि मला सुरू केलं.

ठिणग्या अडवायला माझ्यापुढे एक तिरकी काच आहे. आयव्हरचे हलणारे ओठ तिला त्या काचेत पूर्वीही दिसायचे, पण पठ्ठ्या गाणं गुणगुणतोय असं तिला वाटायचं. त्या दिवशी त्या ओठांवर तिला आपलं नाव दिसलं. तिने पातं झटकन मागे घेतलं, बटण दाबलं आणि कानपट्ट्या वर सारल्या.

"...आवडतेस गं डार्का! तिसरीपासून आवडतेस! आणि ही पाती मीच घासतो पायरीवर!"

मी थांबले होते, तरी आयव्हर बेंबीच्या देठापासून ओरडतच होता आणि अख्खी रांग ऐकत होती. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"सुटलास बाबा एकदाचा," रूथकाकू म्हणाल्या. "माझ्या खिडकीतून दर खेपेला बघत होते. म्हटलं, आता आधी पोलाद संपतंय की याचा धीर!"

"गाढवा," डार्का म्हणाली, "मशीन बंद असताना नाही सांगता आलं तुला?"

"आलं असतं तर पाती कशाला घासली असती?"

"मी उद्या जाणार आहे, आयव्हर. ते बदलणार नाही."

तो खाली मान घालून उभा राहिला. "माहीत आहे," म्हणाला. मी इतकी माणसं पाहिली, पण इतकं उतरलेलं तोंड पाहिलं नाही.

"तिथल्या रिंकवरही दिवे आहेत," डार्का म्हणाली. "ते काय आपोआप दुरुस्त होतात?"

त्याला समजायला जरा वेळच लागला. "म्हणजे... येऊ मी?"

"नवी पाती घेऊन ये. ही तर तू खाल्लीस."

"अरे, लग्न मागनं करा!" रांगेतून गोलरक्षक बर्न्ट ओरडला. "माझ्या बुटांचं बघा आधी, सामना सुरू होतोय!"

सामना ते हरले. आयव्हर दोनदा आपटला आणि दोन्ही वेळा हसत उठला. रविवारी डार्का गेली. एप्रिलमध्ये तोही आपली हत्यारं गाडीत टाकून तिच्यामागे गेला.

आता ज्याला वेळ असेल तो मला चालवतो. दाबून दाबून पाती घासतो. माझा दगड साफसूफ करायचं कुणाच्या ध्यानात येत नाही, सांध्यांत लोखंडाची भुकटी साचली आहे. डार्का गेल्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तिला थांबवायचं माझ्या कधी मनातही आलं नाही.

मित्रांनो, काम झालं की मला फडक्याने पुसत जा. थेंबभर तेल घाला, मी अजून वीस वर्षं चालेन. आणि जवळच्या माणसाला काही सांगायचं असेल, तर आधी माझं बटण बंद करा. मी थांबेन, मला कुठे जायचंय? माणसांची मात्र निघायची तारीख ठरलेली असते.